एक तारखेचे रंग

रक्त देणाऱ्यांची यादी करायला घेतली तेव्हा वाटलं होतं की नाव, गाव, फोन नंबर एवढंच जमेल. यादी पुढे कुठेतरी थांबली, पण तिच्याबरोबर जमलेले किस्से काही थांबले नाहीत. परवा जालन्याला गेले होते. मुसाभाईंच्या दुकानात चहा येईपर्यंत चार अनोळखी लोकांसमोर त्यांनी फर्माईश केलीच, "विजूताई, ते अर्धा जिल्हा गेल्ता तो किस्सा सांगा ना यांना!" आता माझा घसाही पूर्वीसारखा चालत नाही. म्हटलं, एकदा लिहूनच काढावं म्हणजे मी सुटले.

मुसाभाईंचं दुकान म्हणजे झेरॉक्स, डीटीपी आणि लग्नपत्रिका. दोन हजार सालच्या आसपास मी तिथे टायपिंगला होते. शाळा सुटली की गायकवाड सर यायचे. गणिताचे मास्तर, मूळ जाफराबादचे. प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला म्हणून यायचे आणि मला उठवून स्वतःच मशीनवर बसायचे. मला त्याचा राग यायचा. दोन ओळींत तीन चुका करायचे आणि वर म्हणायचे, "मशीनला सवय व्हायला हवी माझी."

एका दुपारी धावड्याचे बाबुराव दवाखान्याचे कागद झेरॉक्स करायला आले. त्यांची मुलगी पायरीवर बसली होती. आठ-नऊ वर्षांची, ओठ पांढरे. मंगल तिचं नाव. बाबुरावांनी कागद घेतले आणि मला विचारलं, "ताई, बी निगेटिव रगत कुठं भेटंल?"

झेरॉक्सच्या दुकानात! सकाळपासून ते जिथे जिथे गेले होते तिथे सगळीकडे विचारून झालं होतं. आता फक्त आमचं दुकान उरलं होतं.

मागून सर म्हणाले, "माझं आहे बी निगेटिव्ह. चला."

प्रश्नपत्रिका तशीच टेबलावर टाकून ते गेले. सातवीचा भागाकार अर्ध्यावर होता, तो मी पुरा केला.

*

महिन्याभराने बाबुराव परत दारात. "सर हायेत का?"

तेव्हा आम्हाला कळलं की हे एकदाचं काम नाही. थॅलेसेमिया. मुलीच्या अंगात रक्त टिकत नाही, दर महिन्याला एक बाटली चढवावीच लागते. नाही चढवली तर मुलगी राहत नाही, इतकं सरळ. रक्तपेढीत असलं तर ठीक, पण हा गट पेढीत क्वचितच असायचा. आणि एकदा दिलेल्या माणसाला तीन महिने पुन्हा देता येत नाही.

सरांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे आपल्याला माणसं लागतील. यादी करू."

यादीची पहिली ओळ त्यांची स्वतःची होती. पुढे इतर पेशंटसाठी इतर गटांची माणसंही तिच्यात आली.

फाइल अगदी साधी होती. आमचं मशीन इतकं संथ होतं की मोठा प्रोग्रॅम उघडेपर्यंत मुसाभाई नमाज पढून यायचे. सरांनी कुठल्याशा मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून एक एडिटर टाकला. त्यात नुसती अक्षरं, ना रेघा ना चौकटी. मराठी फॉन्ट त्याला झेपायचा नाही म्हणून नावंही इंग्रजी अक्षरांत. एका माणसाची एक ओळ: गाव, नाव, रक्तगट, फोन आणि शेवटी ज्या महिन्यात रक्त दिलं तो महिना.

पण त्या एडिटरची एक गंमत होती. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी होता आणि त्यांच्या सोयीसाठी ठरावीक शब्द आपोआप रंगवायचा. सरांना तीन रविवार लागले, पण त्यांनी शोधून काढलं की ते शब्द आपल्यालाही ठरवता येतात. एका छोट्या फाइलमध्ये शब्दांच्या याद्या द्यायच्या: हे शब्द लाल, हे हिरवे, हे निळे. मग यादीत तो शब्द जिथे जिथे येईल तिथे तो रंग.

"हा एडिटर इंग्रजी शिकलेला आहे," सर म्हणाले. "आपण त्याला जालना जिल्हा शिकवायचा."

मग भांडण लागलं लाल रंगावरून. मुसाभाईंचं म्हणणं, "रक्ताची यादी है सर. लाल म्हणजे तयार!" सरांचं म्हणणं, "लाल म्हणजे थांबा. हा माणूस आत्ताच देऊन गेलाय, त्याला आराम करू द्या." मी म्हटलं, "सगळं काळंच राहू द्या की. महिना लिहिलाय, वाचता येत नाही का?"

"विजूताई, घाईत माणूस वाचत नाही. बघतो."

सरांचं चाललं. चालू महिना आणि मागचे तीन महिने लाल. त्याआधीचे सगळे हिरवे, म्हणजे फोन लावा. दर महिन्याच्या एक तारखेला सर यायचे, एक महिना लाल यादीतून काढून हिरव्यात टाकायचे, नवा महिना लालमध्ये लिहायचे आणि फाइल पुन्हा उघडायचे. एका शब्दाची अदलाबदल, की पडदाभर रंग पालटायचे. "कोण कोण मोकळं झालं बघू," असं म्हणत सर खुर्ची पुढे ओढायचे. त्या दिवसाला आम्ही रंग बदलायचा दिवस म्हणायचो.

*

पहिले दोन महिने फोन लावायचं काम मुसाभाईंकडे होतं. आणि पहिले दोन महिने लोक आमच्यावर चिडून राहिले. गेल्या आठवड्यात रक्त दिलेल्या माणसाला मुसाभाईंचा फोन, "भाई, जल्दी या!" एक जण तर खरंच आला. डॉक्टरांनी त्याला हाकललं आणि मग आम्हाला सुनावलं.

सरांनी मुसाभाईंना मशीनसमोर बसवलं. "ही ओळ कोणत्या रंगात आहे?"

मुसाभाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, खरं सांगू? मला सगळे तयारच दिसून राह्यलेत."

वीस वर्षं लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नव्हता! मला एकदम आठवलं की ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे, "तुमच्या मनात कोणता रंग है?" आणि गिऱ्हाइकाने कागदावर बोट ठेवेपर्यंत थांबायचे. मी त्याला अदब समजत होते.

हसू आलं, पण सर हसले नाहीत. त्यांनी ती छोटी फाइल उघडली आणि लाल शब्द ठळकही केले. "मुसाभाई, तुमच्यासाठी जाड म्हणजे थांबा."

"इतकं सोपं होतं तर मी कामून लपवत होतो?" मुसाभाई म्हणाले. नंतर बराच वेळ ते पडद्यावरचे जाड महिने मोजत बसले होते.

*

मंगल दर महिन्याला जालन्याला यायची. बाटली चढली की तिच्या गालांवर रंग यायचा आणि भोकरदनची एसटी लागेपर्यंत बाप-लेक आमच्या दुकानात बसायचे. मशीनवर काय चाललंय ते ती मान वाकडी करून बघायची.

एका मे महिन्यात पंचाईत झाली. बी निगेटिव्हच्या जेवढ्या ओळी होत्या तेवढ्या सगळ्या लाल. हिरवं कुणीच नाही. बाबुराव भिंतीला टेकून उभे. सर कपाळाला हात लावून बसलेले. मंगल त्यांच्या खुर्चीमागून म्हणाली, "सर, हे गेल्या वर्सीचं मे हाय न?"

बघतो तर काय, खरंच! यंदाच्या मे महिन्यात अजून कुणी रक्त दिलंच नव्हतं. बदनापूरच्या एका कंडक्टरने गेल्या वर्षी मे महिन्यात रक्त दिलं होतं. एडिटरला गेला मे काय आणि यंदाचा मे काय, शब्द तोच. त्याने इमानदारीत लाल केला. तो माणूस केव्हाचाच मोकळा होता आणि आम्ही तिघं शिकलेली माणसं रंगाकडे बघत बसलो होतो.

कंडक्टर तासाभरात आला. सरांनी त्या दिवसापासून महिन्याला सालाचे आकडे चिकटवले. मे झिरो-वन, जून झिरो-वन, असा एकच शब्द. सगळी यादी नव्याने टाइप करायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

"हिनं वाचलं," सर म्हणाले. "आपण नुसतं बघितलं." आणि त्यांनी स्वतःची खुर्ची मंगलला दिली. माझी खुर्ची, खरं म्हणजे.

*

रक्तगटांनाही सरांनी रंग दिले होते. बी निगेटिव्ह निळा. का, तर तो पटकन उठून दिसायचा, बस्स.

शहागडचे पैलवान आमच्या यादीत होते. कुस्ती सुटलेली, हायवेवर पंक्चरचं दुकान, मान माझ्या दोन्ही हातांत मावणार नाही एवढी. एकदा रक्त देऊन गेले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा नेमके पडद्यासमोर उभे राहिले. स्वतःच्या नावापुढे त्यांनी निळं बघितलं.

"मला निळ्यात कामून टाकलं?"

आवाज चढलेला होता. "गावात लोकं म्हणत होते, मास्तरनं रंग वाटून ठेवलेत म्हणून. मी म्हटलं, न्हाई, तसं नसंल. अन् हे काय हाय मंग? मी काय..." पुढचं ते बोलले नाहीत. न बोललेलं सगळ्यांना ऐकू आलं. सरांच्या खिशाला निळ्या शाईचं पेन होतं आणि भिंतीवर मुसाभाईंचं हिरवं कॅलेंडर. मला घाबरायला झालं आणि लाजही वाटली, कुणाची ते सांगता येणार नाही.

सरांनी फाइल वर सरकवली. पहिली ओळ, गायकवाड, जालना. पुढे तोच निळा शब्द. मग धावडा. मंगलचंही नाव त्यांनी माहितीसाठी लिहून ठेवलं होतं. तिच्यापुढेही निळाच.

"पैलवान, तुमचं, माझं आणि ह्या पोरीचं रक्त एक निघालं. त्यात माझी काही चूक न्हाई."

पैलवान बाही वर करत दवाखान्याकडे चालू लागले. पुढच्या आठवड्यात सरांच्या दारात गोदेच्या पात्रातल्या टरबुजांचं पोतं येऊन पडलं. कुणी ठेवलं ते सरांनी कधी विचारलं नाही. त्यानंतर पैलवान आले की सर त्यांच्याबरोबर दवाखान्यात जायचे, आणि सरांची पाळी असली की पैलवान शहागडहून ट्रकमध्ये बसून यायचे. दोघं शेजारी शेजारी खाटांवर पडून काय बोलायचे कोण जाणे.

*

यादीतलं पहिलं माणूस गेलं तेव्हा मुसाभाईंनी ओळ पुसली. सरांनी ती परत आणली.

"पुसायचं न्हाई. ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका."

हॅश टाकला की एडिटर ती अख्खी ओळ राखाडी करायचा. प्रोग्रॅम लिहिणारे लोक म्हणे अशा ओळी ठेवतात. मशीन त्या वगळतं, पण माणसाला त्या दिसत राहतात. सरांना ही सोय फार आवडली होती. त्यांनी नियमच केला. गेलेल्या माणसाला ज्याने सगळ्यात जवळून ओळखलं असेल त्याने हॅश टाकायचा, आणि टाकण्याआधी त्या माणसाबद्दल एक वाक्य बोलायचं. मला आधी हे थोडं नाटकी वाटलं. मग माझ्या मावसभावाची ओळ आली. "चहात साखर कमी पडली की कपाकडे नाही, माझ्याकडे बघायचा," असं मी म्हटलं आणि हॅश टाकला. त्यानंतर मी त्या नियमाला नाटकी म्हटलं नाही.

*

आता अर्धा जिल्हा.

राखाडीची आणखी एक सोय होती. एखाद्याबद्दल टीप लिहायची असेल तर सुरुवातीला एक खूण करायची, शेवटी एक खूण. मधलं सगळं राखाडी. "सुई बघितली की चक्कर येते, बोलत ठेवणे." "घरी आईला सांगितलेलं नाही, फोन दुकानावर करणे." अशा टिपा मी भरपूर लिहायचे, त्या मला यादीपेक्षा आवडायच्या.

एका शनिवारी भोकरदनच्या एकाची टीप लिहिता लिहिता गिऱ्हाईक आलं. शेवटची खूण राहिली. मी तशीच फाइल बंद करून घरी गेले.

सोमवारी सकाळी मुसाभाईंनी दुकान उघडलं. मी पोचले तर ते रस्त्यात उभे, डोक्यावर टोपी नाही. "विजूताई, या अल्लाह! भोकरदनपासून शहागडपर्यंत कुणीच उरलं न्हाई!"

सरांची पहिली ओळ सोडली तर यादी गावांच्या इंग्रजी अक्षरक्रमाने होती. भोकरदनच्या त्या ओळीपासून खाली धावडा, जाफराबाद, जालना, परतूर, शहागड, सगळं राखाडी. लाल-हिरवा न कळणाऱ्या माणसाला राखाडी मात्र बरोबर कळला होता! रविवारी कुठे काय झालं म्हणून ते पेपरवाल्याकडेही जाऊन आले होते.

मी शेवटची खूण टाकली. सगळा जिल्हा एका क्षणात रंगात आला. मुसाभाई मटकन स्टुलावर बसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हा किस्सा सांगताना मी एक गोष्ट नेहमी गाळते. खूण टाकण्याआधी मी जालन्याच्या ओळींमध्ये माझं स्वतःचं नाव शोधलं होतं. सापडलं. राखाडी. पाच-सहा सेकंद मी त्याच्याकडे बघत होते.

*

दोन हजार तीनच्या जूनमध्ये मंगलला ताप आला आणि एका महिन्यात दोन बाटल्या लागल्या. पेरणीचे दिवस, शेत सोडून कुणी यायला तयार नाही. त्या जूनमध्ये अख्ख्या यादीत दोनच माणसांनी रक्त दिलं, सरांनी आणि पैलवानांनी, एकाच दिवशी. दोघांच्या ओळींत मंगलनेच महिना टाइप केला, जून झिरो-थ्री.

जुलैत सर गावी गेले होते. अंगणातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते, तिथेच खाली बसले आणि गेले.

आम्ही सगळे जाफराबादला जाऊन आलो. पैलवानही आले होते, शेवटपर्यंत एका बाजूला उभे होते.

दुसऱ्या दिवशी मंगलची तारीख होती. बाटली चढवून बाप-लेक दुकानात आले. मुसाभाईंनी फाइल उघडली आणि पहिल्या ओळीच्या सुरुवातीला कर्सर नेऊन ठेवला. मग माझ्याकडे बघितलं.

"विजूताई, तुम्ही टाका."

"मी कशाला? तुमची ओळख जुनी."

"माझ्यानं न्हाई व्हायचं."

नियम सरांचाच होता. सगळ्यात जवळून ओळखणाऱ्याने टाकायचा, एक वाक्य बोलून. माझ्याकडे वाक्यं खूप होती. मशीनला माझी सवय व्हायला हवी म्हणायचे, हेसुद्धा चाललं असतं. पण तोंड उघडेना. आमच्या दोघांच्याही नजरा नकळत मंगलकडे गेल्या. तिने हात फ्रॉकच्या घडीत घातले. बाबुराव म्हणाले, "तिला नका लावू."

मुसाभाईंनी फाइल बंद केली. बदल काहीच केला नव्हता, म्हणून मशीननेही काही विचारलं नाही.

पुढे ते तसंच राहिलं. एक तारखेचे रंग बदलायचं काम कुणी न सांगता मंगलने घेतलं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाटलीसाठी आली की आधी रंग बदलायची, मग दवाखान्यात जायची. बारा-तेरा वर्षांची झाली होती, सरांसारखीच खुर्ची पुढे ओढायची. आम्ही बिनघोर झालो. हिरवं दिसलं की फोन, लाल दिसलं की पुढे. महिने वाचायचे आम्ही केव्हाच सोडून दिले होते.

*

जानेवारीत पेढीत रक्त नव्हतं आणि यादीतही नव्हतं.

बी निगेटिव्ह देणाऱ्यांच्या आमच्याकडे सहा ओळी होत्या. कंडक्टरने डिसेंबरात दिलं होतं, लाल. परतूरचे एक गुरुजी बदली होऊन गेले होते. एकाला कावीळ झाली होती आणि अंबडची मुलगी बाळंतपणाला माहेरी. उरलेल्या दोन ओळी लाल. मी औरंगाबादला फोन लावले, बीडला लावले, ओळखीच्या ओळखीतल्या लोकांना लावले. एक दिवस गेला, दोन गेले. मंगल मावशीकडे जालन्यातच थांबली होती. सकाळी बाबुराव तिला दुकानात आणून बाकावर बसवायचे आणि विचारायचे, "ताई, जमलं का काही?"

चौथ्या दिवशी मंगलला पायरी चढवेना. बाबुरावांनी उचलून आणली. ओठ पहिल्या दिवशी बघितले होते त्याहून पांढरे. मी रिसीव्हर कानाला लावून त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले, कारण चेहऱ्यावर कोणता भाव ठेवावा तेच समजत नव्हतं.

तेवढ्यात बाहेर ट्रक थांबला आणि पैलवान आत आले. नमस्कार नाही, काही नाही.

"विजूताई, माझं काय चुकलं?"

"काय झालं पैलवान?"

"सर गेले, तर मला बी काढून टाकलं का यादीतून? दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत आली. एक फोन न्हाई. मी रोज दुकानात फोनपाशी बसून राह्यलो."

मी मशीन त्यांच्याकडे वळवलं. मला थोडा रागही आला होता, आधीच काय कमी होतं! "हे बघा तुमची ओळ. लाल आहे. आत्ताच दिलंय तुम्ही, कसा फोन करणार?"

"आत्ता? पेरणीच्या टायमाला दिल्तं! सर अन् मी संगंच गेल्तो."

मी वाचलं. कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा मी रंग न बघता वाचलं. जून झिरो-थ्री. सात महिने झाले होते.

मी रंगांची फाइल उघडली. लाल शब्दांच्या यादीत ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. बरोबर चार. आणि त्यांच्याआधी, सगळ्यात पहिला, जून झिरो-थ्री.

ही फाइल जुलैपासून एकच माणूस उघडत होतं. मुसाभाई, मी, पैलवान, आम्ही तिघंही बाकाकडे वळलो.

बाबुरावांना मशीनमधलं काही कळत नव्हतं, पण आमचे चेहरे कळले. ते मंगलपुढे उकिडवे बसले. "काय झालं पोरी? तुला दिसलं न्हाई का?"

"दिसलं होतं."

"मंग?"

मंगलने भिंतीला टेकवलेलं डोकं उचललं. दम लागत होता, म्हणून थांबून थांबून बोलली.

"सरांना एकट्याला लाल ठेवायची सोय न्हाई त्याच्यात. महिना काढला की सर हिरवे होतेत. मंग कुणीतरी त्यांना फोन लावला असता."

झेरॉक्सचं मशीन चालू राहिलं होतं, मुसाभाईंनी जाऊन ते बंद केलं.

पैलवान शर्टाच्या बाहीची गुंडी काढत होते. ती निघेना, तशी त्यांनी ओढून तोडली. वाकून मंगलला दोन्ही हातांवर उचललं आणि दाराशी जाऊन वळले.

"विजूताई, माझ्या ओळीत आजचा महिना टाका जल्दी. जून सरांपाशीच ऱ्हाऊ द्या."